माळरान परत आणताना : शिकागोच्या स्वयंसेवकांकडून काय शिकावं?



‘झाडे लावा, झाडे जगवा’ हे एसटीच्या मागे आणि शाळेच्या भिंतीवर वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे एका शनिवारी सकाळी शिकागोजवळच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये आमच्या हाती करवत देऊन ‘ही झाडं कापायची’ असं सांगितलं, तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. बरोबर आलेल्या एका चिमुरडीने तर विचारलंच, "आई, झाडं तोडणं वाईट असतं ना?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

गवत म्हणजे नुसतं गवत नव्हे

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. प्रेअरी म्हणजे आपल्याकडचं माळरानच, फक्त इथलं गवत पुरुषभर उंच वाढतं. दोनशे वर्षांपूर्वी या राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३७ मध्ये जॉन डिअर या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर केला. इथली काळी, चिकट माती त्याला चिकटेना, आणि बघता बघता सगळं माळरान शेतीखाली गेलं. आज चांगल्या, मूळ अवस्थेतली प्रेअरी उरली आहे सुमारे अडीच हजार एकर. म्हणजे शंभर रुपयांतला जेमतेम एक पैसा!

या गवताचं खरं धन जमिनीखाली आहे. आपल्या लॉनची मुळं काही इंचच खाली जातात. प्रेअरीतल्या काही गवतांची मुळं मात्र दहा फूट किंवा त्याहूनही खोल जातात. अशी जमीन स्पंजसारखी पाणी पिते, आणि हवेतला कार्बन मातीत साठवून ठेवते. वरचं गवत जळलं तरी हा साठा बराचसा शाबूत राहतो.

शहराला याचा काय उपयोग? शिकागोच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच पाइपातून वाहतं. मोठा पाऊस झाला की ते नदीत उतरतं, कधी लोकांच्या बेसमेंटमध्येही. हवा तापते आहे तसे असे धो धो पाऊस वाढत आहेत. उन्हाळ्याचं म्हणाल, तर जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत या शहरात ७०० हून अधिक माणसं दगावली. आपल्यातल्या जुन्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. काही एकर गवताने हे संकट टळेल असं आम्ही म्हणत नाही. पण पाणी मुरवणारी, हवा निववणारी प्रत्येक मोकळी जमीन आता मोलाची आहे.

मग झाडं का तोडायची?

तोडायची ती सगळी नव्हेत. बकथॉर्न नावाचं झुडूप एकोणिसाव्या शतकात युरोपातून कुंपणासाठी आणलं गेलं. त्याला पालवी लवकर फुटते आणि पानगळ उशिरा होते. पक्षी फळं खातात आणि बिया दूरवर पसरवतात. त्याच्या दाट सावलीत रानफुलं मरतात आणि ओकची रोपं तग धरत नाहीत. आपल्याकडच्या घाणेरीसारखीच गत! नुसतं कापलं तर दुप्पट फुटतं, म्हणून प्रशिक्षित माणूस बुंध्याला लगेच औषध लावतो.

हे काम सुरू केलं साध्या नागरिकांनी. १९७७ मध्ये स्टीव्ह पॅकार्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रँचकाठी झुडपांत गुदमरलेले प्रेअरीचे तुकडे हेरले आणि रविवारी रविवारी साफसफाई सुरू केली.

कामाचं वर्ष

वसंत : गार्लिक मस्टर्डसारखं परकं तण मुळासकट उपटणं. प्रशिक्षित पथक ठरवून आग लावतं. मुळं खोल असल्याने गवत पुन्हा जोमाने येतं, आणि जाड सालीचा बर ओकही आगीला दाद देत नाही.

उन्हाळा आणि शरद : पिकेल तसं बी हाताने गोळा करणं, वाळवणं, चाळणं.

हिवाळा : बकथॉर्न कापून त्याची शेकोटी करणं आणि बी विखुरणं. हो, चक्क थंडीत! अनेक बियांना रुजण्याआधी ओली थंडी लागते.

१९९६ चा धडा

पण सगळं सुरळीत झालं नाही. झाडं पडताना, धूर निघताना शेजारच्या लोकांनी पाहिलं आणि ते खवळले. "आम्हाला कुणी विचारलं का?" हा त्यांचा सवाल होता. १९९६ मध्ये कुक काउंटीने हे काम थांबवलं. ती बंदी टप्प्याटप्प्याने उठली, पण काही ठिकाणी त्याला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात बकथॉर्न काही थांबला नव्हता. काम चांगलं असलं तरी शेजाऱ्याला आधी समजावून सांगावं लागतं, हा धडा कुठल्याही मंडळाने गिरवावा असा आहे.

पुढे चित्र पालटलं. कुक काउंटीकडे जवळपास ७० हजार एकर जंगल आणि माळ आहे. त्यातले ३० हजार एकर २५ वर्षांत सुधारायचे, असा आराखडा २०१४ मध्ये ठरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर मतदारांनी या जमिनींसाठी स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स वाढवून घेतला!

आपलं नातं

आपल्याकडेही माळरानाला ‘पडीक’ म्हणायची सवय आहे. त्याच पडीक जमिनीवर सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक जगत होता. माळ गेला तसा माळढोकही दिसेनासा होत गेला. इथे इलिनॉयमध्ये प्रेअरी चिकनचं तेच झालं. दोन देश, पण चूक एकच : गवताला किंमत नाही असं समजणं.

आपण काय करू शकतो?

- महिन्यातला एक शनिवार द्या. अनुभव लागत नाही, जाड बूट आणि लांब बाह्यांचा शर्ट पुरे.
- बॅकयार्डच्या एका कोपऱ्यात इथली रानफुलं लावा. मिल्कवीड लावलीत तर मोनार्क फुलपाखरू तिच्यावर अंडी घालेल.
- अंगणात बकथॉर्न असेल तर काढा, पण शेजाऱ्याला आधी सांगून!
- येणं जमत नसेल तर सढळ हाताने देणगी द्या. या स्मरणिकेतून जमणाऱ्या निधीतून हातमोजे, करवती आणि बी चाळायच्या चाळण्या घ्यायच्या आहेत. आजवर सगळं उसनवारीवर चाललं आहे.

आणि त्या चिमुरडीचं उत्तर? डिसेंबरात तिने मूठभर बी बर्फावर फेकलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथे काहीच दिसलं नाही, बिचारी हिरमुसली. इथली रोपं आधी मुळं धरतात, फुलं दोन-तीन वर्षांनी येतात, असं तिला सांगितलं. यंदा त्या जागी पिवळी फुलं आली. तिने ती मोजली. अकरा होती.

आपणही या देशात आधी मुळंच धरली की! आता फुलायची वेळ आहे. येताय ना शनिवारी?