धोकटीतला पिवळा दगड

प्रश्न : आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. त्यांची धोकटी परवा माळ्यावरून खाली काढली. वाटी, नराणी, कात्री, दोन वस्तरे आणि कापडात गुंडाळलेला एक दगड. साडेपाच इंच लांब, दीड इंच रुंद. वरून पिवळट, खालून काळपट निळा. नाव नाही, शिक्का नाही. आजोबा त्याला ‘विलायती निसणा’ म्हणायचे. तो खरंच विलायती, की फरशीचा तुकडा? एका वस्तऱ्यावर सोलिंगेनचं नाव आहे, त्यावरून काही कळेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, कळणार नाही. वस्तरा जर्मन म्हणून दगडही जर्मन, असं होत नाही. धोकटीत त्या दोघांची गाठ कधी पडली, ते आजोबांनाच ठाऊक.

दगड आपल्या मातीतला असण्याची शक्यता मात्र कमी वाटते. सह्याद्रीचा काळा पाषाण कोयत्या-विळ्याला चालतो; जुन्या विहिरींच्या काठावर घासून पडलेल्या खाचा तुम्हीही पाहिल्या असतील. पण त्या दगडात निरनिराळी खनिजं कमी-जास्त आकारांत मिसळलेली असतात. वस्तऱ्याला कण हवेत अतिशय बारीक आणि सगळे जवळपास सारखे.

वर पिवळा, खाली निळा असं वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते कोटिक्युलचं. बेल्जियममध्ये आर्देन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या व्हिएलसाल्म आणि लिएर्न्यू गावांच्या परिसरात हा दगड निघतो. त्यात गार्नेटचे, म्हणजे आपल्या तामडीच्या जातीचे, सूक्ष्म स्फटिक खच्चून भरलेले असतात. एकेक स्फटिक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि बारा पैलूंचा. पैलूंच्या कडा बोथट कोनाच्या असल्यामुळे तो पोलादात खोल रुतत नाही, उथळ ओरखडत जातो. म्हणून या दगडावरची धार गालाला मऊ लागते. पिवळा थर खाणीत जेमतेम काही सेंटिमीटर जाडीचा सापडतो आणि एकटा असला तर सहज मोडतो. त्यामुळे त्याला खाली निळ्या पाटीच्या दगडाचा आधार असतो. कधी निसर्गानेच जोडलेला, कधी कारागिराने चिकटवलेला.

तेव्हा आधी दगडाची बाजू पाहा. पिवळा आणि निळा जिथे भेटतात ती रेघ नागमोडी असेल, एक रंग दुसऱ्यात थोडा शिरलेला असेल, तर जोड नैसर्गिक. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल, तर चिकटवलेला. त्याने दगड खोटा ठरत नाही, पण तो रात्रभर पाण्यात किंवा रॉकेलमध्ये बुडवून ठेवू नका; जुना डिंक सुटू शकतो. वरचा मळ काढायला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरे. कडेला कागदाचा कपटा चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. एका दगडावरचा असा कपटा मी नखाने खरवडून काढला होता. पुढे कळलं की जर्मनीतल्या थुरिंगियाचे दगड विकणारी एशर ही पेढी आपल्या मालावर कागदी लेबलंच लावत असे. माझा दगड तिथला होता की नाही, हे सांगणारा एकमेव साक्षीदार मीच कचऱ्यात टाकला.

रंगावर फार विसंबू नका. थुरिंगियाचे दगड निळसर, करडे आणि पिवळट हिरवेही असतात. इंग्लंडच्या लेस्टरशायरमधला चार्नली फॉरेस्ट हिरवट, त्यावर तांबूस-जांभळे ठिपके आणि शिरा. अमेरिकेतला आर्कान्सा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत कोणत्याही रंगाचा. शिवाय पन्नास वर्षं तेल प्यायलेला दगड कुठलाही असो, काळाच दिसतो.

रंगापेक्षा वजनावर माझा जास्त भरवसा आहे, आणि त्याला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरडा दगड तोला. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळते. आर्कान्सा जवळजवळ शुद्ध सिलिका असल्यामुळे 2.65 च्या वर जाऊच शकत नाही. पाटीचा दगड साधारण 2.7 ते 2.8. गार्नेट स्वतः 4 च्या वर असल्यामुळे कोटिक्युल या दोघांपेक्षा जड भरतो. तुमच्या दगडाला निळी पाटी जोडलेली आहे, म्हणून आकडा दोन्हींच्या मधला येईल, हे लक्षात ठेवा.

आता सगळ्यात बोलकी खूण. सहाणेवर चंदन उगाळतो तसा हा दगड उगाळून पाहायचा. पिवळ्या बाजूवर चार थेंब पाणी घाला आणि बारीक दाण्याच्या दुसऱ्या दगडाचा छोटा तुकडा हलक्या हाताने फिरवा. दुधासारखं, किंचित पिवळट गंध पटकन निघालं तर पारडं कोटिक्युलकडे झुकलं. त्याच गंधावर एखादा जुना, टाकाऊ वस्तरा दहा-वीस वेळा फिरवला की ते करडं होत जातं, ते पोलाद. नंतर खालच्या निळ्या बाजूवर हेच करा. तिथे जांभळट झाक असलेलं गंध आलं तर मला फारशी शंका उरणार नाही, कारण बेल्जियमचा निळा दगड ओळखू येतो तो याच रंगावरून. पण गंध निघायलाच तयार नसेल आणि कोपऱ्यावर खिळा ओढल्यावर ओरखडा पडण्याऐवजी लोखंडाचीच राखाडी रेघ उमटत असेल, तर दगड आर्कान्सासारखा कठीण जातीचा आहे, किंवा कारखान्यात भाजून बनवलेला. कारखान्यातला दगड भिंगाखाली सर्वत्र एकसारखा दिसतो. खाणीतल्यात एखादी शीर, एखादा डाग, कुठेतरी थराची रेघ असतेच.

कारखान्यातल्या दगडांबद्दल नाक मुरडू नका. त्यांतल्या कितीतरींचा कण ज्याचा, ते खनिज म्हणजे आपलं कुरुंद. इंग्रजीतलं त्याचं नावही तमिळ ‘कुरुंदम्’वरूनच गेलेलं आहे. आजोबांना ‘विलायती’ म्हणून असा दगड विकला गेला असेल, तर त्यातही नवल नाही.

मला तीन गोष्टी कळवा : दोन्ही वजनं, दोन्ही बाजूंच्या गंधाचा रंग, आणि दगड ओला करून उन्हात काढलेला त्याच्या बाजूचा फोटो. तोवर घरातली सुरी-विळी त्यावर लावू नका. पिवळा थर मऊ असतो, एका दुपारीत त्याला खाच पडते.