सुट्टे पैसे आणि भरतीची वेळ

सासूबाईंना आणि चिंगीला घेऊन मुंबई बघायला येतेयस म्हणालीस आणि पहिला प्रश्न विचारलास तो चांगला वडापाव कुठे मिळतो हा. अगं, वडापाव कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. एकीला कुठे जायचं ते आधी विचार. साठी उलटलेली बाई आणि चार वर्षांची पोर बरोबर असताना या शहरात हाच प्रश्न दर दीड तासाने उभा राहतो.

चौतीस वर्षं मी डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला गेले. लोकलमध्ये संडास नसतो, हे तुम्हा सांगलीकरांच्या चटकन लक्षात येत नाही. एरवी सव्वा तासाचा प्रवास, पण पावसाळ्यात गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली की तासांचा हिशेब सोडून द्यायचा. आम्ही बायकांनी यावर काढलेला उपाय सांगते, तो तू करायचा नाहीस. आम्ही पाणीच प्यायचो नाही. सकाळी कपभर चहा, दुपारी डब्याबरोबर दोन घोट, की मग थेट घरी. ऑफिसात आमच्या मजल्यावर बायकांसाठी एकच संडास होता आणि त्याची किल्ली शिपायाच्या खिशात. वीस पुरुषांच्या टेबलांमधून चालत जाऊन ती मागायची. त्यापेक्षा तहान बरी वाटायची. एका मे महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली, हुडहुडी भरून ताप आला, आठ दिवस अंथरुणात होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? मी खोटंच सांगितलं. त्यांनी मान वर न करता लिहिलं, ‘पाणी भरपूर.’ मुंबईच्या घामात तर सांगलीपेक्षा जास्तच लागतं. तेव्हा बाटली भरून घे, पी, सासूबाईंनाही पाज. त्या नको म्हणतील. का नको म्हणतात ते तुला आता कळेल.

आता सापडायचं कसं. मोबाईलच्या नकाशावर ‘सार्वजनिक शौचालय’ असं टाकलं की ठिपके दिसतात, पण त्या ठिपक्याला कुलूप आहे का, आत पाणी आहे का, हे नकाशा सांगत नाही. मी माणसालाच विचारते, आणि तेही हेरून. जिथे एखादी बाई सकाळपासून रात्रीपर्यंत एका जागी बसून काही विकते, तिला विचारायचं. गजरेवाली, भाजीवाली, मासळीची पाटी घेऊन बसलेली कोळीण. तिला दिवसातून दोन-तीनदा जावंच लागतं, त्यामुळे कुठलं स्वच्छ, कुठल्याची कडी तुटलीय, कुठे रात्री नऊनंतर जाऊ नये, सगळं तिला पाठ असतं. टॅक्सीवाल्याला विचारू नकोस, तो पुरुषांची मुतारी दाखवून मोकळा होतो.

‘सुलभ’ हे नाव इथे सगळ्याच पे अँड यूज संडासांना पडलंय, झेरॉक्ससारखं. खरी सुलभ संस्था बिंदेश्वर पाठकांनी 1970 साली बिहारमध्ये काढलेली. दारात टेबल, टेबलावर सुट्ट्या पैशांचा डबा आणि मागे बसलेला माणूस. पुरुष बाजूच्या मुतारीत फुकट जाऊन येतात. बाईकडून मात्र पैसे घेतात. का, तर बायका दार लावून घेतात, मग एक की दोन हे आम्हाला कळणार कसं? हे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलंय. यावरून 2011 पासून इथल्या बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून मोहीम चालवली. बायकांसाठीही मुताऱ्या हव्यात, फुकट, स्वच्छ आणि सुरक्षित, एवढंच मागणं. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर 2015 साली मुंबई हायकोर्टाने महापालिकांना बायकांसाठी रस्तोरस्ती स्वच्छतागृहं बांधायला सांगितलं. तेव्हा तुझा हक्क आहे. पण चिंगी पाय आवळून उभी असताना हक्क सांगत बसू नकोस, नाणं टाक आणि आत जा. वाद घालायचा तर बाहेर आल्यावर घाल, मी घालते.

म्हणून सुटे पैसे. मोबाईलने पैसे द्यायची सोय सगळीकडे असेलच असं नाही, आणि पाचशेची नोट दाखवलीस तर त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. माझी एक कापडी थैली आहे, जुन्या ब्लाउजपीसची. तीत दोन-पाच रुपयांची नाणी, कागदी साबण, जुना सुती रुमाल, चिंगीसाठी जादा चड्डी आणि लोखंडी एस हूक, स्वयंपाकघरात कढई अडकवतो तसला. हा हूक फार कामाचा. संडासात खुंटी जवळपास कधीच नसते आणि जमीन ओली असते. हूक दाराच्या वरच्या कडेला अडकवायचा, त्याला पर्स आणि ओढणी. नाहीतर पर्स दातात धरायची वेळ येते, ती मी पुष्कळ वर्षं धरलीय. कडी तुटलेली असेल तर तू आत आणि सासूबाई दार धरून बाहेर, मग उलट. एकटीने अशा ठिकाणी जायचं नाही, म्हणजे नाही. पाण्याची एक छोटी बाटली वेगळी ठेव, नळ कोरडा निघाला तर.

दादर, सीएसएमटीसारख्या मोठ्या स्टेशनांत लांबच्या गाड्यांच्या बाजूला वेटिंग रूम असते, ती लोकलच्या फलाटावरल्या संडासापेक्षा केव्हाही बरी. बोजा असेल तर क्लोक रूममध्ये टाक, पण बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट जवळ हवं, नाहीतर घेत नाहीत. एसटी स्टँडवर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी दिसली तर ती अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी. तुला नाही लागणार, पण तुझ्या नणंदेला सांगून ठेव. पेट्रोल पंपावर संडास असावाच लागतो आणि तो फुकट असतो, बिनधास्त विचार. इराण्याकडे किंवा उडप्याकडे आधी ‘आत सोय आहे का’ विचारायचं, मग चहा सांगायचा. मी उलटं करून फसलेय. मॉलमध्ये आणि मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत कोणी हटकत नाही. राणीच्या बागेत, वस्तुसंग्रहालयात तिकिटातच सोय होते, तेव्हा निघताना गरज नसली तरी जाऊन यायचं. राणीची बाग बुधवारी बंद, एलिफंटा सोमवारी बंद. एलिफंटाला गेटवेवरून लाँचने तासभर लागतो, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. लाँचमध्ये चढायच्या आधी तिघींनीही जाऊन यायचं, कोणाचंही ‘मला नाही लागली’ ऐकायचं नाही.

मरीन ड्राइव्हचा कठडा साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि वाऱ्यात बसलं की हमखास लागते. 2018 मध्ये तिथे सौरऊर्जेवर चालणारं, कमी पाण्याचं शौचालय बांधलं, लोक त्याचेही फोटो काढायचे. पण एवढ्या लांबीला ते कितीसं पुरणार? आपण कठड्याच्या कुठल्या टोकाला बसतोय ते बघूनच बस.

आणि समुद्राची वेळ. हे मला माझ्या आजीने शिकवलं, ती हर्णैची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. शुक्ल असो की कृष्ण, चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. थोडंफार मागेपुढे होतं, पण आपल्याला काही जहाज बंदरात लावायचं नाहीय. हाजीअलीच्या दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते. तृतीयेला गेलीस तर सव्वादोनला भरती, तेव्हा तिथे दुपारी जायचं नाही, सकाळी साडेआठच्या सुमारास जायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी चढतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, तेव्हा फारसं भय नाही. जुहूला ओहोटीत पोरीला वाळूत खेळू दे, पण भरती चढायला लागली की उचलून घे. ओल्या वाळूत बसली की तिला लगेच लागते, तुलाही लहानपणी तसंच व्हायचं.

तेवढी तारीख ठरव. कालनिर्णयात तिथी बघ आणि मला फोन कर. दादरला मी पुलाच्या पायथ्याशी गजरेवालीजवळ उभी असेन. तिला सगळं ठाऊक असतं. तुझ्यासाठी दुसरा हूक घेऊन ठेवलाय.