मेल पोहोचला, पण कुठे?

मेल हाती आला की सर्व्हर आधी एकाच गोष्टीचा निकाल लावतो: पत्त्यातले डोमेन आपले की परक्याचे. आपले असेल तर मेल तिथल्याच मेलबॉक्समध्ये पडतो. परक्याचे असेल तरच डीएनएसमधली त्या डोमेनची एमएक्स नोंद पाहिली जाते आणि सर्वांत लहान प्राधान्यांकाच्या यंत्राकडे मेल रवाना होतो. एमएक्सची पद्धत १९८६ च्या आरएफसी ९७४ पासूनची आहे. एसएमटीपीचे सध्याचे मूळ नियम २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये आहेत. कंपनीच्या सर्व्हरवर मार्ग चुकतो तेव्हा घोळ बहुधा पहिल्याच निकालात असतो. शोध मात्र एमएक्सपासून सुरू होतो आणि तिथे सगळे बरोबर दिसल्याने लांबत जातो.

प्रस्तुत लेखकाने हाताळलेले एक प्रकरण यासाठी नमुनेदार आहे. एका कारखान्याने स्वतःच्या पोस्टफिक्स सर्व्हरवरचे मेलबॉक्स बाहेरच्या सेवेकडे हलवले. एमएक्स बदलली आणि बाहेरून येणारे मेल नव्या जागी नीट येऊ लागले. जुना सर्व्हर चालूच ठेवला, कारण बिलिंगचे सॉफ्टवेअर त्याच्यामार्फत मेल पाठवत होते. पुढे तक्रार आली की नव्याने रुजू झालेल्यांना बिलिंगचे मेल जात नाहीत; सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये '५५० ५.१.१, युजर अननोन' असा नकार दिसतो. साहजिकच नवी खाती पुन्हा पुन्हा तपासली गेली. पण त्याच लोकांना बाहेरचे मेल व्यवस्थित मिळत होते, याचा अर्थ खात्यांत दोष नव्हता. नकार जुना सर्व्हर देत होता. मेल नव्या सेवेच्या दारापर्यंत गेलाच नव्हता. जुन्या सर्व्हरच्या 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स' यादीत कंपनीचे डोमेन तसेच राहिले होते. त्यामुळे तो एमएक्सकडे पाहतच नव्हता, आणि नव्या लोकांची नावे त्याच्या तक्त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता.

नकार मिळाला म्हणून निदान कळले तरी. जुन्या कर्मचाऱ्यांचे मेलबॉक्स त्या सर्व्हरवर शिल्लक होते, त्यांच्या बाबतीत काहीच परत आले नाही. लॉगमध्ये 'स्टेटस=सेन्ट' आणि कंसात 'डिलिव्हर्ड टू मेलडिर' असे उमटत होते. 'सेन्ट' वाचून कोणीही निश्चिंत होईल; पण त्याच ओळीत थोडे आधी 'रिले=व्हर्च्युअल' होते. मेल बाहेर गेला असता तर तिथे दुसऱ्या यंत्राचे नाव आणि आयपी दिसला असता. ग्राहकांच्या बिलांच्या प्रती अशा मेलबॉक्समध्ये साठत होत्या की जे कोणी उघडत नव्हते. परत येणाऱ्या मेलपेक्षा हा प्रकार कितीतरी घातक आहे, आणि तो शोधायचा तर 'रिले' हा शब्द पाहिल्याशिवाय लॉगची ओळ सोडू नये.

वेबसाइट एका होस्टिंगवर आणि मेल दुसऱ्या सेवेवर असतो तिथेही हेच घडते. संपर्काचा फॉर्म भरला जातो, मेल मात्र येत नाही. सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' या भागात 'लोकल मेल एक्स्चेंजर' निवडलेले असते. तिथे 'रिमोट' हवे.

डोमेन आपले की परक्याचे हा निकाल उलट दिशेनेही चुकतो. एमएक्स ज्या यंत्राकडे बोट दाखवते त्यालाच डोमेन आपले वाटत नसेल, तर पोस्टफिक्स 'लूप्स बॅक टु मायसेल्फ' म्हणून मेल परत करतो. दोन सर्व्हर एकमेकांकडे ढकलत राहिले, तर प्रत्येक टप्प्यावर एक 'रिसीव्ह्ड' ओळ वाढते आणि पोस्टफिक्स मूळ मांडणीत ५० ओळींनंतर हात टेकतो. '५५४ ५.७.१, रिले अॅक्सेस डिनाइड' याचा अर्थ डोमेन माझे नाही आणि पाठवणाराही माझ्या ओळखीचा नाही. इथे घाईने 'मायनेटवर्क्स' ही विश्वासातल्या आयपींची यादी सगळ्या जगाला मोकळी करणे हा सर्वांत महाग उपाय ठरतो: स्पॅम पाठवणारे असा सर्व्हर लवकरच हेरतात आणि त्याचा आयपी काळ्या यादीत जातो.

'रिसीव्ह्ड' ओळी खालून वर वाचाव्यात; सर्वांत वरची ओळ सर्वांत ताजी. काही यंत्रे वेळ +०५३० मध्ये लिहितात, काही यूटीसीमध्ये. हा फरक लक्षात न घेतल्यास साडेपाच तासांचा खोटा उशीर दिसतो आणि त्यामागे दिवस वाया जातो. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार. ४ ने सुरू होणारा तात्पुरता, म्हणजे मेल क्यूमध्ये थांबून पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स असा मेल ५ दिवस धरून ठेवतो आणि मूळ मांडणीत तोवर पाठवणाऱ्याला उशिराची सूचना देत नाही. म्हणून तक्रार नसली तरी क्यू पाहणे भाग आहे.

कारखान्यासारख्या प्रकरणात दुरुस्तीपूर्वी जुन्या सर्व्हरवर 'सॉफ्ट बाउन्स' चालू करावे. त्यामुळे फेरफारात काही बिघडले तरी कायमचा नकार तात्पुरत्यात बदलतो आणि मेल हातचा जात नाही. मग जुन्या सर्व्हरच्या यादीतून डोमेन काढावे. पोस्टफिक्समध्ये ते 'मायडेस्टिनेशन' आणि व्हर्च्युअल अशा दोन्ही जागी तपासावे लागते. रिलोड करून एका नव्या आणि एका जुन्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर चाचणीचा मेल पाठवावा. दोन्ही ओळींत 'रिले'पुढे नव्या सेवेचे यंत्र दिसले पाहिजे. जुना सर्व्हर आता कंपनीच्या नावाने बाहेर मेल पाठवणार, म्हणून त्याचा आयपी एसपीएफ नोंदीत असणे आवश्यक. नाहीतर नवी सेवा तेच मेल स्पॅममध्ये टाकण्याचा संभव असतो. हे जमल्यावर 'सॉफ्ट बाउन्स' बंद करावे, आणि जुन्या मेलबॉक्समध्ये स्थलांतराच्या तारखेनंतर पडलेले मेल आयमॅपने ज्याच्या त्याच्या नव्या खात्यात हलवून मगच ते मेलबॉक्स पुसावेत.