जुन्या पिकअपचे स्टिअरिंग आणि दरवाजा



महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातली जुनी पिकअप काहीजण अजून राखून आहेत. हौस चांगली, पण भाजीपाला भरून कसारा घाट उतरून भिवंडी गाठायची, तर आधी पुढील तपासणी कराच.

स्टिअरिंग : गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाके सरळ. एकाने चक्र थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने पुढून खाली वाकून सांधे पाहावेत. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून हलते, तो झिजला. जुन्या जीपला बेलक्रँकची पिन व बेअरिंग हमखास झिजतात. मग चाक जॅकवर उचलून खाली भक्कम घोडी लावा. चाक वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा.

पुष्कळजण आधी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतात. हे चूक. सांधे ढिलेच राहतात आणि चक्र जड होते. आधी सांधे बदला, बॉक्स शेवटी. सांध्याला वेल्डिंग नको. नटाला स्प्लिट पिन नवीनच घाला.

दरवाजा : अर्धा उघडून टोकाला उचलून पाहा. खालीवर झाला तर बिजागरीची पिन व बुश बदला. खांबावरची कडी त्यानंतरच सरकवा.

पिनेला चार पैसे लागतील, पण घाटात चक्र फसले तर पैशाने भरून येत नाही.