बोटांच्या घामावरून खोटं पकडता येतं का?

प्रश्न : संशयिताची ‘लाय डिटेक्टर’ चाचणी होणार, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. बोटांना तारा लावून माणूस खोटं बोलतोय हे यंत्राला कसं समजतं? आमच्या मुलाच्या मनगटावरचं घड्याळही ‘स्ट्रेस’ किती आहे ते दाखवतं. ते खरं मानावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : माणूस खोटं बोलला की होतो आणि एरवी कधीच होत नाही, असा शरीरातला एकही बदल आजवर सापडलेला नाही. त्यामुळे खोटं ओळखणारं यंत्रही नाही. पण बोटांना लावलेल्या त्या तारा जे टिपतात, ते मला खोट्यापेक्षाही अधिक विलक्षण वाटतं.

उन्हातान्हात सगळ्या अंगाला घाम सुटतो. तळहात आणि तळपायांचं तसं नाही. तिथल्या घर्मग्रंथी उकाड्यापेक्षा मनातल्या खळबळीला जास्त दाद देतात. तोंडी परीक्षेच्या आधी तळवे ओले होतात ते यामुळेच. या ग्रंथींवर अनुकंपी चेतासंस्थेचा ताबा असतो आणि तिच्यावर आपली इच्छा सहसा चालत नाही. दचकलात, आशा वाटली, ओळखीचं काही दिसलं, की एक ते तीन सेकंदांत ग्रंथींच्या नळ्यांमध्ये किंचित घाम चढतो. तो डोळ्यांना दिसतही नाही, पण त्यामुळे त्वचेतून वीज अधिक सहज वाहते आणि आलेखावर उंचवटा उमटतो.

हा उंचवटा किती खोलवरचं सांगू शकतो, ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या डॅनियल ट्रॅनेल आणि अँटोनियो डमासिओ यांनी १९८५ मध्ये दाखवलं. मेंदूला इजा झाल्यामुळे त्यांच्या दोन रुग्णांना चेहरे ओळखता येत नसत, अगदी घरच्यांचेही. त्यांना अनोळखी चेहऱ्यांमध्ये ओळखीचे चेहरे मिसळून फोटो दाखवले. रुग्ण म्हणत, हे कोण ते माहीत नाही. आणि ते खरंच सांगत होते. तरीही ओळखीच्या चेहऱ्यांना त्यांच्या त्वचेने अधिक जोराचा प्रतिसाद दिला. जी ओळख जाणिवेपर्यंत पोचत नव्हती, ती हाताच्या त्वचेत मात्र शाबूत होती.

अडचण इथेच सुरू होते. उंचवटा सांगतो की काहीतरी महत्त्वाचं घडलं, केव्हा घडलं आणि किती जोरात घडलं. का घडलं, हे तो सांगत नाही. पॉलिग्राफमध्ये, म्हणजे ‘लाय डिटेक्टर’मध्ये, त्वचेच्या जोडीला छातीभोवतीचे पट्टे श्वास मोजतात आणि दंडावरचा पट्टा रक्तदाब टिपतो. ‘पैसे तू घेतलेस का?’ असं विचारल्यावर चोर घाबरतो, तसा निर्दोष माणूसही घाबरतो. माझ्यावर विश्वास बसेल का, या भीतीनेच त्याचं काळीज धडधडतं. उलट, सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन पॉलिग्राफ चाचण्यांतून सुटला. अटक झाली ती १९९४ मध्ये. निर्दोष अडकतो आणि अट्टल निसटतो, म्हणून या चाचणीवर कुणाचं आयुष्य टांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग हे मोजमाप टाकून द्यायचं का? नाही. प्रश्न बदलायचा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांनी १९५९ मध्ये सुचवलेली रीत मला फार सुंदर वाटते. समजा, एका घरातून ठुशी चोरीला गेली आणि ही गोष्ट फक्त चोराला आणि तपास करणाऱ्यांना माहीत आहे. संशयितासमोर एकामागून एक नावं घ्यायची : पाटल्या, बोरमाळ, ठुशी, तोडे, चपलाहार. निर्दोष माणसाला सगळे दागिने सारखेच. चोराची त्वचा ठुशीपाशी बोलते. (पहिलं नाव मोजायचं नाही, कारण कुठल्याही पहिल्या शब्दाला शरीर थोडं सावध होतंच.) उरलेल्या चार पर्यायांत निर्दोष माणूस योगायोगाने सापडण्याची शक्यता चारात एक. असे दोन प्रश्न विचारले तर ती सोळात एक, आणि प्रश्न वाढतील तशी घटत जाते. इथे खोट्याचा शोध घेतलाच जात नाही, फक्त ओळख तपासली जाते आणि ती शरीराला नीट सांगता येते. जपानचे पोलीस ही पद्धत नियमित वापरतात. आपल्याकडे मात्र गुन्ह्याचा बारीकसारीक तपशील संध्याकाळच्या बातम्यांत येतो आणि मग तो सगळ्यांच्याच ओळखीचा होतो.

अशा चाचण्यांचा प्रश्न आपल्याकडे थेट न्यायालयापर्यंत गेला आहे. २००८ मध्ये पुण्यातल्या एका विषप्रयोगाच्या खटल्यात शिक्षा सुनावताना सत्र न्यायालयाने मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा अहवालही विचारात घेतला, आणि त्यावर जगभरच्या शास्त्रज्ञांत चर्चा झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवून दिलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी कुणावरही बळजबरीने करता येणार नाही. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हाच पुरावा धरता येत नाही. चाचणीतल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तिचा विचार होऊ शकतो. म्हणजे बातमीतल्या त्या संशयिताला ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे.

आता घड्याळ. अशी बहुतेक घड्याळं हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून नाडी मोजतात आणि दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं त्यावरून ताणाचा अंदाज बांधतात. जिना चढणं, कडक चहा, अपुरी झोप, ताप, भारत-पाकिस्तान सामन्याचं शेवटचं षटक, या सगळ्यांनी तो आकडा हलतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून मुलाला काही विचारू नका. रोज सकाळी उठल्यावर, स्वस्थ बसून घेतलेले आकडे काही आठवडे त्याने स्वतःच्याच आकड्यांशी ताडून पाहावेत. ते सलग बिघडत गेलेले दिसले, तर आधी त्याची झोप कशी होते ते विचारा.