वारसाचा पैसा टिकावा कसा ? — न्यासाचा कायदा आणि आपण

बँकेच्या काउंटरवर बसून बरीच वर्षे झाली. पालघर-बोईसर परिसरात द्रुतगती महामार्ग, मालवाहतुकीचा लोहमार्ग, बुलेट ट्रेन यांसाठी जमिनी गेल्या आणि मोबदल्याच्या रकमा खात्यांवर जमा झाल्या. जी जमीन दोन-तीन पिढ्या टिकली, तिचे पैसे काही घरांत दोन वर्षेही टिकले नाहीत. एकदा एक आजी मुदत ठेवीची पावती पुढे करून म्हणाल्या, "भाऊ, मी गेल्यावर हे नातवाचं. पण त्याला मोडता येऊ नये, असं काही लिहून ठेवता येईल का ?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले, ते येथे मांडतो.

अमेरिकेत असे लिहून ठेवता येते. १८८२ साली मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात एका बँकेने कर्जदाराच्या न्यासातील उत्पन्नावर हक्क सांगितला. ते उत्पन्न त्याच्या भावाने मृत्युपत्राने ठेवले होते आणि धनकोंना त्यावर हात टाकता येणार नाही, अशी अट घातली होती. न्यायालयाने अट मानली. बँक हरली.

त्याच १८८२ साली आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायदा झाला. त्याच्या कलम १० नुसार, मालकी देऊन वर "कधीही विकू नये" अशी अट घातली, तर अट रद्द होते आणि मालकी राहते. न्यास कायदाही १८८२ चाच. त्याच्या कलम ५६ प्रमाणे एकटाच सज्ञान लाभार्थी असेल, तर तो विश्वस्तांकडून सर्व मालमत्ता मागून घेऊ शकतो.

मग जमिनीला बंधन कसे असते ? ते सरकारी कायद्याचे असते. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीस देता येत नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपल्यावर परत मिळालेल्या जमिनींनाही अशीच शर्त लागली. परंतु कायदा जे बंधन घालतो, ते बाप किंवा आजी घालू शकत नाही. आणि जमिनीचे पैसे झाले, की ते कवचही जाते.

तरीही मार्ग आहेत.

पहिला : नातवाला मालकी न देता मृत्युपत्राने न्यास करावा. "विश्वस्तांनी त्याच्या शिक्षणासाठी, औषधासाठी, निर्वाहासाठी त्यांना योग्य वाटेल तेवढे द्यावे, मुद्दल पुढे त्याच्या मुलांना मिळावी," असे लिहावे. किती द्यायचे हे विश्वस्तांच्या हाती असल्याने, पैसे हातात पडेपर्यंत नातवाकडे गहाण टाकण्यासारखे किंवा सावकाराने जप्त करण्यासारखे काही ठरलेले नसते. शिवाय तो एकटा लाभार्थी नसल्याने सर्व मागूनही घेऊ शकत नाही.

दुसरा : नोकरदारांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे आयुर्विमा घ्यावा. तो आपोआप न्यास होतो आणि पतीच्या कर्जात जात नाही. कलम ६ ची ही सोय बौद्धांना १९५९ च्या दुरुस्तीने मिळाली. विमा घेतानाच त्या अर्जावर सही करावी लागते. नंतर होत नाही.

तिसरा : भविष्य निर्वाह निधी व पीपीएफ. खात्यात असेपर्यंत न्यायालयाच्या जप्तीपासून त्यांना संरक्षण आहे.

मात्र सावकाराला बुडविण्यासाठी केलेली व्यवस्था न्यायालय मोडू शकते. तसेच जमीन-घराचा न्यास हयातीत करायचा तर लेख नोंदवावा लागतो. म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा.

आजींनी मृत्युपत्र केले. विश्वस्त म्हणून लेक आणि गावातील एक निवृत्त शिक्षक नेमले. लेकीला का, असे विचारता म्हणाल्या, "ती त्याला नाही म्हणू शकते." विश्वस्त निवडताना आपणही एवढेच पाहावे. कागद कितीही पक्का असला, तरी योग्य वेळी 'नाही' म्हणणारा माणूस मागे नसेल, तर ठेव राहात नाही.