लोडरच्या अटॅचमेंटचा विद्युत बिघाड : पडद्यावरचा आकडा कसा वाचावा?



आपल्या कार्यक्षेत्रात लहान लोडर आता नवलाचे राहिलेले नाहीत. यार्डातले पाचट लोटणे, बगॅस सारणे, शेणखत भरणे, ठिबकच्या पाईपसाठी चर मारणे, अशा कामांना ही यंत्रे फिरताना आपण रोज पाहतो. कित्येक सभासदांच्या मुलांनी कर्ज काढून ती घेतली आहेत. यंत्र एकच, पण पुढची अटॅचमेंट बदलली की काम बदलते. साध्या बकेटला तेलाचे जोड पुरतात. फिरता झाडू किंवा बाजूला सरकणारे चरयंत्र असेल, तर त्याला विजेचा सॉकेटही जोडावा लागतो. आणि बिघाडाचे घर बहुधा हा सॉकेटच असतो. पडद्यावर एक आकडा उमटतो, अटॅचमेंट हटून बसते आणि दिवस बुडतो. हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून हा पाठ. सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

२०२३-२४ च्या गळीत हंगामात एका सभासदाच्या मुलाचा लोडर यार्ड झाडण्याच्या कामावर होता. झाडू डावी-उजवीकडे वळवणाऱ्या दोन्ही कॉईलचे कोड एकाच सकाळी आले. पोरगा आमच्या वर्कशॉपमध्ये आला. आम्ही फ्यूज पाहिला, बॅटरी पाहिली, दोन्ही कॉईल मोजल्या. सगळे ठीक. अर्थच्या वायरला मीटरचा बझर लावला, तो वाजला. मग आम्ही म्हणालो, "दोन कॉईल काय एका दिवशी जातात होय? कंट्रोलरच गेला." त्याने दोन हप्त्यांएवढे पैसे मोडून नवा कंट्रोलर आणला. बसवला, चावी फिरवली, तर तेच दोन कोड! नवव्या दिवशी सॉकेटची अर्थची पिन उजेडात धरली, तेव्हा ती हिरवी पडलेली दिसली. रोग पिनेला आणि औषध कंट्रोलरला, असा प्रकार झाला. विजेचा सामान एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही. तो जुना, चांगला कंट्रोलर आजही त्याच्या घरी फळीवर पडून आहे.

१. आकडा काय सांगतो?

पुष्कळ यंत्रांवर कोडचे दोन भाग असतात. पहिला एस.पी.एन., म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे. उदाहरणार्थ, १०० म्हणजे इंजिन ऑईलचे प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचे तापमान, १६८ म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज. पाच लाख वीस हजारांच्या पुढचे मोठे आकडे ज्या त्या कंपनीने स्वतः ठरवलेले असतात. अटॅचमेंटचे कोड पुष्कळदा यातच मोडतात. त्यांचा अर्थ यंत्राच्या पुस्तकातच पाहावा. काही यंत्रे कंपनीची वेगळीच खूण दाखवतात, तिथेही पुस्तकच खरे.

दुसरा भाग एफ.एम.आय., म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे. विजेच्या कामात हे पाच आकडे पाठ असावेत :

३ – व्होल्टेज जादा, किंवा वायर पॉझिटिव्हला चिकटली.
४ – व्होल्टेज कमी, किंवा वायर खालच्या बाजूला शॉर्ट.
५ – करंट कमी, किंवा सर्किट कुठेतरी तुटले.
६ – करंट जादा, किंवा वायर अर्थ झाली.
९ – एका कंट्रोलरचा निरोप दुसऱ्याला वेळेवर पोचत नाही.

नीट बघा, यात "अमुक भाग बदला" असे कुठेही लिहिलेले नाही. कोड फक्त वाट दाखवतो. त्या वाटेवर कंट्रोलर, वायर, सॉकेट, पिना, कॉईल आणि अर्थ असे सगळे जण बसलेले असतात. त्यातला दोषी कोण, ते आपणच शोधायचे. आमच्या त्या झाडूला दोन्ही कॉईलवर "५" आला होता. दोन कॉईल एका दिवशी जात नाहीत, हे आमचे म्हणणे बरोबरच होते. पण पुढचा प्रश्न आम्ही विचारला नाही : या दोघींत सामाईक काय आहे? सामाईक होता अर्थ. एकाच वेळी दोन-तीन कोड आले, तर आधी सामाईक वाट तपासावी.

२. हात लावण्यापूर्वी

बूम खाली, अटॅचमेंट जमिनीवर, इंजिन बंद. पुस्तकात दिल्याप्रमाणे तेलाचे प्रेशर सोडावे. मग सगळे कोड वहीत उतरून घ्यावेत, तासाच्या मीटरचा आकडाही लिहावा. कोड आधी पुसू नये. पुसला की पुरावा गेला. कोड चालू आहे की जुना साठवलेला, हेही पाहावे. जुन्या कोडच्या मागे लागून आजचा बिघाड सापडत नाही.

३. शोधाचा क्रम

स्वस्तातले आधी, महागातले शेवटी.

पहिली बॅटरी. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असता साडेतेरा ते साडेचौदा. त्याहून बरीच कमी असेल, तर कंट्रोलर नाही नाही ते कोड दाखवतो. क्लॅम्प हाताने हलवून पाहावेत.

दुसरा सॉकेट. दोन्ही बाजू उघडून उजेडात बघा. पिन मागे सरकली आहे का, वाकली आहे का, हिरवी किंवा काळी पडली आहे का, आत बगॅसचा भुसा किंवा मळीचा चिकटा आहे का. पिना पॉलिश पेपरने घासू नयेत, त्यांचा मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्यावे.

तिसरी वायर. बूमच्या सांध्यात आणि होजच्या कडेला ती घासते. बाहेरून कव्हर शाबूत दिसते आणि आत तांब्याचे दोनच धागे उरलेले असतात. मीटर लावून वायर हलवत जावी. आकडा नाचला, तिथेच दोष.

चौथी कॉईल. दोन्ही प्लग काढून ओहम मोजा. १२ व्होल्टची १८ वॅटची कॉईल दीड अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध सुमारे ८ ओहम. पुस्तक हाताशी नसेल तर डाव्या-उजव्या कॉईलची तुलना करा. एक ८ आणि दुसरी १ दाखवत असेल तर दुसरी आतून शॉर्ट आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती तुटली आहे.

एकाच कॉईलचा कोड असेल, तर आणखी एक युक्ती आहे. दोन कॉईलचे प्लग आपसात बदला. कोड दुसऱ्या बाजूला गेला तर कॉईल खराब. कोड जागेवरच राहिला तर वायर किंवा त्यापुढचे काही. प्लग बदलल्यावर झाडू उलट दिशेला वळतो, तेव्हा जवळ कोणी उभे राहू नये. काम झाले की प्लग पूर्ववत करावेत.

४. मीटर फसवतो तो असा

सर्वांत महत्त्वाचे हेच. पाईपलाईनचा व्हॉल्व बंद असताना प्रेशर गेज पूर्ण प्रेशर दाखवतो, मग पाईप आतून क्षाराने बुजत आलेला का असेना. व्हॉल्व उघडला की खरे कळते. वायरचेही तसेच. एका धाग्यावरही मीटर १२ व्होल्ट दाखवतो. बझरही पुष्कळ मीटरमध्ये वीस-तीस ओहमपर्यंत वाजत राहतो.

आमच्या झाडूचा हिशेब मांडून बघा. कॉईल ८ ओहम, गंजलेली पिन समजा २० ओहम, एकूण २८. बारा भागिले अठ्ठावीस, म्हणजे अर्ध्या अँपिअरहून कमी. पाहिजे होता दीड. "करंट कमी" असे कंट्रोलर खरेच सांगत होता. आम्ही बझरवर विश्वास ठेवला, कंट्रोलरवर नाही.

म्हणून अर्थ तपासताना भार टाकून तपासावा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. त्याचे एक टोक फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे अटॅचमेंटकडच्या अर्थच्या वायरला लावा, सॉकेट जोडलेला ठेवून. बल्ब लख्ख पेटला तर अर्थ चांगला, मिणमिणला तर खराब. बल्ब पेटलेला असताना ती अर्थची वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजावे. एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त आले, तर वाटेत अडथळा आहे. हा बल्ब कंट्रोलरच्या निरोपाच्या बारीक वायरींना मात्र कधीही लावू नये.

५. निरोपाची लाईन

"९" आला तर एकमेकींत पिळलेल्या दोन वायरी पाहा. या लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून दोन वायरींमध्ये मोजले की ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या.

६. हे कधीही करू नये

सीटचा किंवा पुढच्या दांड्याचा सेफ्टी स्विच वायर टाकून डायरेक्ट करू नये. "तेवढे आजचे काम उरकू" म्हणून पुष्कळ जण हे करतात. तो स्विच ऑपरेटर जागेवर नसताना बूम हलू देत नाही. तोच मारून ठेवला, तर उतरताना पाय लिव्हरला लागला की माणूस बूमखाली सापडतो. दिवस बुडाला तर भरून येतो, माणूस येत नाही.

फ्यूजच्या जागी तार घालू नये. वेल्डिंगपूर्वी अटॅचमेंटचा सॉकेट आणि बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. सॉकेटवर प्रेशरचे पाणी मारू नये. अटॅचमेंट सोडली की सॉकेटला टोपण लावून तो वर टांगावा, भुशात टाकू नये. त्या झाडूचा सॉकेट रोज रात्री ओल्या पाचटात पडत होता. एका टोपणाचा आळस दोन हप्त्यांना पडला.

तेव्हा सभासद बंधूंनो, कोणी "कंट्रोलर गेला" म्हणाले, मग ते आम्ही का असेना, तर एवढेच विचारा : "अर्थ भार टाकून पाहिला का?" उत्तर "हो" येईपर्यंत पैसे बाहेर काढू नका.

– यंत्रशाळा विभाग